‘एसी मीच लावायला सांगितला होता’

पत्राचा सारांश: ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. वय ५८. यजमान दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि आयुष्यभराची हौस म्हणून त्यांनी कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, घेतली. मे महिन्यात दोघं मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या वाटेवर, एका शेतातल्या कॅम्पिंगच्या जागेवर एक रात्र राहिले. जागेचं भाडं वेगळं, वीज मीटरप्रमाणे, १८ रुपये युनिट. संध्याकाळी सहाला गाडी लावली, सकाळी आठला निघाले. विजेचं बिल झालं ७४ युनिटचं, १,३३२ रुपये. यजमान आणि जागेचे मालक यांची चांगलीच जुंपली. ‘मीटर गेल्याच महिन्यात बसवलाय, तो कशाला खोटं बोलेल?’ असं मालक म्हणत राहिले. शेवटी पैसे देऊन दोघं निघाले. टोकावडं येईपर्यंत यजमान गप्प होते, मग म्हणाले, ‘तुझ्या एसीनं हजार रुपये खाल्ले.’ आता त्यांना त्या जागेबद्दल इंटरनेटवर सडकून लिहायचं आहे, आणि ‘वीज परस्पर विकतात’ म्हणून महावितरणकडे तक्रारही करायची आहे. ताईंना वाटतं, सोडून द्यावं. त्या घरातल्या वहिनींनी रात्री गरम भाकरी आणि ठेचा आणून दिला होता, त्याचे पैसेही घेतले नव्हते. ‘शिवाय एसी मीच लावायला सांगितला होता, त्यामुळे मला बोलायला तोंड नाही,’ असं त्या लिहितात. इंग्लंडमधली लेक सांगते की तिकडे असं जास्त घेताच येत नाही. डिसेंबरमध्ये ओळखीच्या पाच गाड्यांनी मिळून जायचं घाटत होतं, पण यजमान म्हणतात, आता कुठे जायचंच नाही. गाडी जूनपासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. पत्रासोबत मीटरचा आणि मालकांच्या वहीचा फोटो आहे. ‘भांडावं की सोडून द्यावं?’

ताई,

दोन्ही फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. ते नसते तर मीही तुमच्यासारखी ‘माणसं चांगली होती की वाईट’ यातच अडकले असते. आधी फोटो बघू, माणसांकडे मग वळू.

वहीत संध्याकाळची नोंद आहे ४१७८९ आणि सकाळची ४१८६३. वजाबाकी ७४, त्यात चूक नाही. आता मीटरचा फोटो बोटांनी मोठा करा. जुन्या घडणीचा मीटर आहे, आत ॲल्युमिनियमची चकती फिरते तसला. काचेमागे आकड्यांची सहा चाकं आहेत. पहिली पाच काळी, त्यांवर ०, ४, १, ८, ६. सहावं, अगदी उजवीकडचं, लाल आहे. त्यावर ३.

अशा मीटरवरचं लाल चाक दशांशाचं असतं. म्हणजे तो आकडा एक्केचाळीस हजार आठशे त्रेसष्ट नाही, तो ४,१८६.३ आहे. आदल्या संध्याकाळचा ४,१७८.९. दोघांतला फरक ७.४ युनिट. अठरा रुपयांनी होतात १३३ रुपये २० पैसे.

मी सांगते म्हणून एवढ्यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या बाजूनेही हिशेब लावू. तुम्ही लिहिलंय की गाडीची वायर १६ अँपियरच्या सॉकेटला लावली होती, आपण गिझरला वापरतो तसल्या मोठ्या तीन पिनांच्या. २३० व्होल्टला १६ अँपियर म्हणजे ३.६८ किलोवॅट. एक किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, चौदा तास. त्या सॉकेटमधून पूर्ण चौदा तास, एक मिनिटही न थांबता, झेपेल तितकी वीज ओढली तरी होतात साडेएक्कावन्न युनिट. म्हणजे एसी, गिझर, इंडक्शन सगळं लावून तुम्ही रात्रभर जागत बसला असतात तरी ७४ पर्यंत पोचला नसतात. त्याहून जास्त ओढायला गेला असतात तर एमसीबी पडला असता.

आणि प्रत्यक्षात काय चाललं होतं? छतावरचा एक टनाचा एसी, रात्री दहा ते पहाटे पाच. असा एसी चालू असताना सव्वा किलोवॅटच्या आसपास घेतो, पण गाडीची एवढीशी जागा गार झाली की त्याचा कॉम्प्रेसर थांबतो, पुन्हा लागतो, पुन्हा थांबतो. सात तासांत पाच-सहा युनिट धरा. बॅटरी चार्ज व्हायला एक-दीड. छोटा फ्रीज अर्धा. दोन वेळच्या चहाची किटली मिळून अर्ध्याच्याही आत. बेरीज सात-आठ युनिट. फोटोतल्या लाल चाकाशी ती तंतोतंत नाही, पण सहज जुळते.

म्हणून ताई, एसीचा तो सल आधी मनातून काढून टाका. तुमच्या एसीनं त्या रात्री शंभर-एक रुपयांची वीज घेतली. मे महिना, मुरबाडकडचं ऊन, दिवसभर तापलेला पत्रा, त्यात झोप लागावी म्हणून एसी लावायला सांगणं हा काही उधळेपणा नव्हे. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, भांडण मालकांशी आहे. दुसऱ्यांदा वाचताना टोकावड्याच्या त्या वाक्यापाशी थांबले. ‘भांडावं की सोडून द्यावं’ असं तुम्ही विचारता, पण सोडून द्यायचं तुम्ही ज्या कारणाने म्हणताय त्यातलं निम्मं कारण भाकरी-ठेचा आहे आणि निम्मं ही अपराधी भावना. आपलीच चूक आहे असं वाटत असताना माणूस जे सोडून देतो, ते सुटत नाही. ते गाडीच्या कव्हरखाली जाऊन बसतं.

यजमानांवरही रागावू नका. भरलेल्या पैशांपेक्षा, आपल्याला कुणीतरी वेड्यात काढलं हे त्यांना जास्त लागलं असणार. चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हिशेबात हरलेलं सहन होत नाही. समोरच्याची चूक सापडली नाही, मग ती जवळच्या माणसात सापडली. असं घराघरांत होतं, बरोबर नसलं तरी होतं.

आता मालकांकडे येऊ. त्यांनी तुम्हाला फसवलं असं मला वाटत नाही, आणि कारण त्यांच्याच वाक्यात आहे. मीटर गेल्या महिन्यात बसवला, पण आकडा चार हजारांच्या पुढे. म्हणजे तो कुणाकडून तरी वापरलेला आणलाय. आधीच्या मीटरला लाल चाक नसेल, तर वही लिहिणाऱ्याला ही भानगड माहीत असायचं कारणच नाही. त्याला सहा आकडे दिसले, पुढचं शून्य सोडून त्याने पाच उतरवले. फसवायचंच असतं तर तुम्हाला मीटरपाशी नेऊन फोटो काढू दिला नसता. ७४ युनिट एका रात्रीत कसे होतील, हा प्रश्न मात्र त्यांना पडायला हवा होता, आणि खरं सांगायचं तर तुमच्या यजमानांनाही. दोघंही पैशांवरून भांडले, आकडा कुणी तपासलाच नाही.

हे मला इतकं जवळचं का वाटतं ते सांगते. लग्नाआधी मी ऐरोलीला एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. विजेसाठी घरमालकीणबाईंनी सबमीटर लावला होता. महिन्याचं बिल मला नेहमी जरा जडच जायचं. मी इस्त्री कमी केली, पंखा एकवर ठेवायला लागले, आणि मनात त्या बाईंबद्दल नाही नाही ते आणलं. एका वर्षी गणपतीला गावी जाताना खोलीचा मेन स्विच बंद करून गेले. अकरा दिवसांनी परत आले तर मीटर २३ युनिट पुढे. खोलीत कुणी नाही, स्विच बंद, आणि चकती आपली फिरतेय. वायरमनला बोलावलं तेव्हा कळलं, जिन्यातले दिवे आणि टाकीची मोटर माझ्या मीटरवर जोडली गेली होती. बाईंना पत्ताच नव्हता. त्यांनी हिशेब करून पैसे परत दिले, पण त्या आधीच्या चौदा महिन्यांत मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते, त्याचं आजही वाईट वाटतं. तुमची गाडी कव्हरखाली असताना मला तेच जिने आठवले.

तक्रारीचं काय, तेही बघू. महावितरणकडे जाण्याचा हक्क तुम्हाला आहेच. पण त्याचा परिणाम काय होईल ते यजमानांना आधी कळू दे. वीज अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे, ज्या कामासाठी जोडणी घेतली ते सोडून दुसऱ्याच कामाला वीज वापरली तर तो अनधिकृत वापर ठरतो. शेतीपंपाच्या किंवा घरगुती जोडणीवरून पाहुण्यांच्या गाड्यांना वीज देणं हे त्यातच येऊ शकतं. मग त्या वापराची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते, आणि वापर कधीपासून चाललाय ते सांगता येत नसेल तर मागच्या बारा महिन्यांपर्यंतची होऊ शकते. त्या कुटुंबाने व्यावसायिक जोडणी रीतसर घेतलेली असेल तर या कलमाची भीती त्यांना नाही. कुठली आहे ते तुम्ही पाहिलेलं नाही. बाराशे रुपयांच्या रागात बारा महिन्यांची वसुली एखाद्याच्या दारात नेऊन ठेवायची का, हा निर्णय फोटो नीट बघितल्यानंतर घ्यायचा असतो. माझं मत स्पष्ट आहे: या घटनेत नको. जाणूनबुजून लुबाडणारा भेटला, पुरावा दाखवूनही ऐकेना, तर जरूर करा, तेव्हा मी तुम्हाला थांबवणार नाही.

इंटरनेटवरच्या अभिप्रायाचंही तेच. आत्ता लिहाल तर ‘फसवतात’ असं लिहाल, आणि ते खरं नसेल.

पण सोडून देणं हाही उपाय नाही, ताई. तुम्हाला त्यात मोठेपणा दिसतोय, भाकरीची परतफेड दिसतेय. तुम्ही गप्प बसलात तर तो लाल आकडा वहीत तसाच उतरत राहील. पुढच्या शनिवारी डोंबिवलीहून कुणीतरी पोरं तंबू घेऊन जातील, मोबाईल चार्ज करतील, पंखा लावतील, आणि त्यांच्या हातात पंधरा युनिटचं बिल येईल. ज्या वहिनींनी तुम्हाला जेवू घातलं त्यांचं नाव खराब होत राहील, तेही त्यांची चूक त्यांना न कळता. तुम्हाला ती कळलीय. मग सांगायला नको का?

म्हणून फोन करा. पण त्याआधी एक काम, आणि ते यजमानांसोबत बसून करायचं. त्यांना हे पत्र नुसतं वाचायला देऊ नका, फोटो त्यांच्या हातात द्या आणि विचारा, ‘शेवटचं चाक लाल का असेल हो?’ त्यांचं त्यांना सापडू दे.

फोनवर मालकांना पटवायला किटली पुरते. त्यांच्या घरी दीड किलोवॅटची विजेची किटली असेल, नसेल तर पाणी तापवायची कॉइल चालेल, फक्त तिच्यावर किती वॅट लिहिलंय ते बघायचं. त्या मीटरवरची बाकी सगळी उपकरणं बंद करायची आणि पाण्याने भरलेली किटली लावायची. दीड किलोवॅटने चार मिनिटांत एक दशांश युनिट होतं. म्हणजे पाणी उकळेपर्यंत ते लाल चाक एका आकड्याने पुढे सरकायला हवं. तो आकडा खरंच पूर्ण युनिटचा असता तर सरकायला चाळीस मिनिटं लागली असती. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. चहा होईपर्यंत उत्तर मिळतं.

बोलताना सुरुवात बिलापासून करू नका. ‘भाऊ, मे महिन्यात आलो होतो, वहिनींच्या भाकरीची अजून आठवण निघते. मीटरच्या फोटोत एक गोष्ट दिसली, तुमच्या उपयोगाची आहे म्हणून फोन केला,’ इथून सुरू करा. हे नाटक नव्हे, खरंच उपयोगाची गोष्ट आहे.

आता १८ रुपयांबद्दल, कारण यजमानांचा दुसरा आक्षेप तोच असणार: आपल्याला घरी एवढे पडत नाहीत, मग यांनी का घ्यावेत? बरोबर तुलना कशी करायची ते सांगते. घरच्या बिलावरची एकूण रक्कम घ्या आणि तिला वापरलेल्या युनिटने भागा. नुसता वीज आकार बघू नका, कारण बिलात स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन असतं आणि वर वीज शुल्क. घरगुती दर टप्प्यांनी चढतो: शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, पुढे आणखी. त्यामुळे तुमचाच दर उन्हाळ्यात आणि थंडीत वेगळा येईल. रीतसर व्यावसायिक जोडणीला दर घरगुतीपेक्षा चढा, वीज शुल्कही घरगुती १६ टक्क्यांऐवजी २१ टक्के. शिवाय स्थिर आकार वर्षाचे बारा महिने भरायचा, पाहुणे मात्र शनिवार-रविवारचे. सॉकेटचे खांब, जमिनीतली केबल, अर्थिंगचा खर्च वेगळाच. आणि वीज गेली, जनरेटर लागला, तर गणितच बदलतं. लहान जनरेटर लिटरभर डिझेलमध्ये जेमतेम तीन युनिट देतो. डिझेल नव्वदच्या घरात धरलं तरी नुसत्या इंधनाचे तीस रुपये युनिटला पडतात.

तेव्हा अठरा रुपये मला स्वस्त वाटत नाहीत, पण दरोडाही वाटत नाही. तो दर तुम्हाला गाडी लावायच्या आधी सांगितला होता, तुम्ही हो म्हटलं होतं. त्यावर आता वाद नको.

तुमच्या लेकीचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. ब्रिटनमध्ये ऑफजेम ही नियामक संस्था आहे. घरगुती वापरासाठी वीज पुढे विकणाऱ्याने ती स्वतः ज्या दराने घेतली त्याहून जास्त दर लावायचा नाही, असा तिचा नियम १ जानेवारी २००३ पासून आहे, आणि कॅरॅव्हॅनच्या जागाही त्यात येतात. पण जागेच्या भाड्यातच वीज धरलेली असेल, किती वापरली याचा रकमेशी संबंधच नसेल, तर हा नियम लागत नाही. म्हणून तिकडे वर्षानुवर्षं बऱ्याच ठिकाणी भाड्यात वीज धरलेली असायची. २०२२ मध्ये विजेचे दर भडकल्यावर मात्र पुष्कळ जागांनी मीटर बसवले. फ्रान्समध्ये अनेक ठिकाणी अँपियरवर पैसे घेतात, सहा अँपियरचा सॉकेट स्वस्त, दहाचा महाग. तो दर एका वेळी किती ओढता येईल याचा असतो, रात्रभरात एकूण किती ओढलं याचा नाही. लेकीकडे गेलात तर हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर सहा अँपियरवर किटली आणि हीटर एकदम लावाल आणि अंधारात बसाल.

आपल्याकडे महाराष्ट्राने कृषी पर्यटनाचं धोरण २०२० मध्ये आणलं आणि कॅरॅव्हॅन पर्यटनाचं २०२१ मध्ये. धोरणं नवी, जागा त्याहून नव्या. बहुतेक जागा कालपर्यंत नुसती शेतं होती आणि मालक कालपर्यंत शेतकरीच. मीटर, पाणी, शौचालय, पाहुण्यांचे स्वभाव, सगळं ते एकाच वेळी शिकताहेत. लेकीच्या गावच्या मापाने त्यांना मोजू नका. पण गिऱ्हाईक म्हणून आपलं मापही सोडू नका.

डिसेंबरच्या पाच गाड्यांचं सांगते, कारण असा वाद पुढे मित्रमंडळींतच होतो, मालकाशी होत नाही. आपल्या माणसांत पैशांचं बोलायला संकोच वाटतो म्हणून सगळे ‘समान वाटू’ म्हणतात. मग ज्यांनी पांघरूण घेऊन झोप काढली ते गप्प बसून ज्यांनी हीटर लावला त्यांचे पैसे भरतात. एका सहलीला ते पचतं, दुसऱ्या सहलीला एक गाडी येत नाही. ऑनलाइन प्लगमध्ये लावायचा छोटा एनर्जी मीटर मिळतो. घेताना तो १६ अँपियरचा आहे ना ते बघा, नुसत्या मोबाईल चार्जरच्या लायकीचा नको. प्रत्येक गाडीने आपला आणायचा. तो भिजता कामा नये, म्हणून सॉकेट उघड्यावर असेल तर मीटर गाडीच्या आत, एसीच्या किंवा हीटरच्या प्लगला लावायचा. दिवे, मोबाईल, पाण्याचा पंप, फ्रीज यांचे सगळ्यांनी समान वाटून घ्या, एसी-हीटर ज्याचा त्याचा. कुणाला झोपेत श्वासाचं मशीन लागत असेल तर ते रात्रीला अर्धं युनिटही घेत नाही, त्याचा उल्लेखही कुणी करू नये.

जागेवर पोचल्यावर करायची कामं पाच मिनिटांची आहेत, पण ती गाडी लावायच्या आधी करायची. दर विचारायचा, आणि तो जनरेटरवरही तोच आहे का हेही. मालकांसोबत मीटरपाशी जाऊन दोघांनी एकत्र आकडा वाचायचा, लाल चाक किंवा टिंब असेल तर मोठ्याने म्हणायचं, ‘चार हजार एकशे शहाऐंशी, पॉइंट तीन.’ फोटो दोघांच्या मोबाईलवर. मग गाडीतलं सगळं बंद करून मिनिटभर चकतीकडे बघायचं. तिच्या कडेवर एक काळी खूण असते, ती समोर आली की फिरते की थांबली ते लगेच कळतं. मीटर इलेक्ट्रॉनिक असेल तर लाल दिवा लुकलुकतो. पाटीवर ३२०० इम्पल्स, म्हणजे एका युनिटला दिवा तेवढ्या वेळा लुकलुकणार, असं लिहिलं असेल, तर हजार वॅटचं काही चालू असताना तो मिनिटाला साधारण ५३ वेळा लुकलुकायला हवा. तुमचं सगळं बंद असूनही चकती फिरतेय, दिवा लुकलुकतोय, तर त्या मीटरवर आणखी काहीतरी आहे. कुठला तरी बल्ब, नाहीतर माझ्या ऐरोलीच्या घरासारखी मोटर. ते तेव्हाच, हसत हसत विचारता येतं. सकाळी विचारलं की भांडण होतं.

पैशांच्याही आधी जिवाचं बघा. वायर तीन कोअरची, निदान २.५ स्क्वेअर एमएमची असू दे. ती रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडायची. गुंडाळलेल्या वायरवर एसी चालवला तर आतली वेटोळी तापतात, वितळतातही. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच, आहे का विचारा, त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा. नसेल, किंवा अर्थिंगबद्दल उत्तर धड येत नसेल, तर ती रात्र बॅटरीवर काढा. पावसाळ्यात ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून प्लग लावणारी माणसं मी पाहिलीत, माझा जीव वरखाली होतो.

हे वाचणाऱ्यांत जागेचे मालकही असतील, त्यांच्यासाठीही दोन शब्द. दर फाटकावर लिहा, तोंडी सांगू नका. लाल चाकावर काळी चिकटपट्टी लावून टाका आणि फक्त काळे आकडे धरा, एखादं युनिट इकडचं तिकडे झालं तर होऊ दे. वहीत आल्या वेळचा आकडा लिहून समोर पाहुण्याची सही घ्या. आणि मला विचाराल तर दिवे-पंखा-चार्जिंग भाड्यातच धरा, मीटर फक्त एसीच्या सॉकेटला ठेवा. सगळंच मीटरवर टाकलं की तंबूतल्या पोरांनाही मोबाईल लावताना चोरट्यासारखं वाटतं. सगळंच भाड्यात टाकलं तर तीच पोरं व्हॅनवाल्यांच्या गारव्याचे पैसे भरतात. ठाण्यात, नवी मुंबईत सोसायट्यांमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगवरून सध्या जे वाद चाललेत, त्यांतही नेमकं हेच आहे: सामाईक मीटरवर एकाची गाडी. तिथेही वेगळा मीटर आणि दोघांनी मिळून वाचलेला आकडा एवढ्यानेच बरंच काही मिटतं.

तुमच्या फोनकडे परत येते. मालक म्हणतील, ‘अरे देवा, चुकलंच, जास्तीचे पैसे परत करतो.’ हिशेबाने ते १,१९८ रुपये ८० पैसे होतात. त्या वेळी तुमच्या तोंडून ‘राहू द्या हो, कशाला’ निघेल, मला माहीत आहे, आपल्याला तसंच शिकवलंय. तसं म्हणू नका. त्यांची चूक त्यांना दुरुस्त करू द्या, तुमच्या उपकाराखाली ठेवू नका. भाकरीची परतफेड करायचीच असेल तर डिसेंबरमध्ये पाची गाड्या तिकडेच न्या आणि वहिनींना ठाण्याहून काहीतरी छानसं घेऊन जा.

आणि पैसे पाठवायला नंबर यजमानांचा द्या, तुमचा नको. भरले त्यांच्या मोबाईलवरून होते, परत आल्याचा मेसेजही त्यांच्याच मोबाईलवर वाजू दे.